चौघांचा ग्रुप, एकाचा लॅपटॉप

"एक भारी पोरगा मिळाला ना, की दहा जणांचं काम एकटा ओढतोय, बाकीचे नुसते एसीत बसून पगार घेतात." हे वाक्य मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर इतक्या वेळा ऐकलंय की आता बोलणारा बदलला तरी काही वाटत नाही. कधी छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा मालक असतो, कधी शनिवार-रविवार पुण्याहून घरी आलेला टीम लीड, कधी कॉलेजातलेच एखादे सर. आणि सगळे इतक्या खात्रीनं सांगतात की जणू स्वतः स्टॉपवॉच घेऊन बसले होते.

गंमत म्हणजे स्टॉपवॉच घेऊन खरंच कुणीतरी बसलं होतं. सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट या तिघांनी १९६८ ला एक पेपर छापला, त्यांना खरं तर बघायचं होतं की कॉम्प्युटरसमोर लाइव्ह बसून बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, शोधणं फास्ट होतं का प्रोग्राम उतरवलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन नंतर रिझल्टची वाट बघत बसणं. अनुभवी प्रोग्रामर घेतले होते १२. बारा! आणि त्यात एका कामाला सगळ्यात फास्ट माणूस आणि सगळ्यात स्लो माणूस यांच्या वेळेत २८ पटीचा फरक आला. तो आकडा लोकांनी जो उचलला तो उचललाच. नंतर काहींनी तोच डेटा परत उकरला तर त्यात लाइव्हवाले आणि गठ्ठावाले, वेगवेगळ्या भाषांत लिहिणारे, सगळे एकाच मापात घातलेले निघाले. शिवाय तुलना होती सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट यांची, चांगला आणि साधारण यांची नाही. पण चहाच्या गाड्यावर पेपरमधल्या तळटीपा कोण वाचतंय.

माणसामाणसांत फरक नसतो असं माझं म्हणणं नाही, असतोच, मी रोज बघते. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या धंद्यात आपण दिवसभर "डेटा काय म्हणतोय" असं एकमेकांना विचारत असतो, त्या धंद्यातली माणसं स्वतःच्या कामाबद्दल बोलताना मात्र डेटा सोडून सगळं बोलतात. ग्रेग विल्सन नावाचे एक कॅनडियन गृहस्थ आहेत, शास्त्रज्ञांना प्रोग्रामिंगच्या मूलभूत गोष्टी शिकवणारं सॉफ्टवेअर कार्पेंट्री त्यांनी १९९८ ला सुरू केलं, ते वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगतायत की बाबांनो यावर अभ्यास झालेत, जरा वाचा. मी त्यांच्यामुळंच हे पेपर वाचायला लागले, रात्री जेवण झाल्यावर, लोक सिरियल बघतात तसं.

माझं काम असं आहे की आठवडाभर कोल्हापुरात बसून पुण्याच्या एका टीमसाठी कोड लिहायचा आणि शनिवारी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांचे प्रोजेक्ट बघायचे, व्हिजिटिंग म्हणून. मानधनाबद्दल बोलायला नको. पण दोन्हीकडं पाय असल्यामुळं एक गोष्ट फार टोचते. कंपनीत कोड लिहिणं हा दिवसाचा छोटा भाग असतो, उरलेला दिवस दुसऱ्यानं काय लिहिलंय ते वाचण्यात, विचारण्यात, समजावून सांगण्यात, "हे असं का केलंस" यावर वाद घालण्यात जातो. आणि कॉलेजात चार वर्षांत या गोष्टीला शून्य तास.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नाव जगात रुळलं ते १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावात नाटोनं भरवलेल्या परिषदेमुळं. प्रोजेक्ट लेट होतायत, बजेट उडतंय, चालू केलं की पडतंय, असं रडगाणं तेव्हाही होतं. त्याच वर्षी मेल्विन कॉनवे यांनी एक लेख लिहिला की ज्या संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशाच आकाराची सिस्टीम ती संस्था बनवते. हे वाचायला तत्त्वज्ञान वाटतं, पण मी त्याचा पुरावा दर वर्षी बघते. मागं एक ग्रुप होता, तिघं हॉस्टेलवर एकाच रूममधे आणि चौथा कागलहून एसटीनं येणारा. तिघांचे मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचे भाग, एकमेकांत छान बसलेले, एकच रंग, एकच डेटाबेस. चौथ्याचं रिपोर्टचं पान उघडलं की बटणं वेगळी, तारीख वेगळ्या फॉर्मॅटमधे, आणि ग्राहकांचं स्वतंत्र टेबल, म्हणजे तोच ग्राहक दोन ठिकाणी दोन नंबरांनी. मी विचारलं हे असं का, तर पोरगा म्हणाला "मॅडम, हे रात्री बसून ठरवतात, मी साडेपाचच्या गाडीनं गेलेला असतोय." कॉनवेंना हे दाखवायला पाहिजे होतं.

फ्रेड ब्रूक्स यांचं तर सगळ्या पुस्तकांत येतं, आयबीएमच्या ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या अनुभवातून १९७५ ला त्यांनी लिहिलं की लेट झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लेट होतो. कारण नवीन माणसाला शिकवायला जुनाच माणूस लागतो आणि बोलायच्या जोड्या वाढतात, चार जणांत ६ जोड्या, दहा जणांत ४५. आमची पोरं हे परीक्षेत पाच मार्कांना लिहितात, अगदी आकृतीसकट. आणि मार्चमधे प्रोजेक्ट अडकला की येऊन म्हणतात, मॅडम त्या ग्रुपमधला अमक्याला आमच्यात घेऊ का.

आता व्हायवाचं, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेचं सांगते, कारण सगळा आजार तिथं एका टेबलावर मांडलेला असतो.

चौघं उभे. लॅपटॉप एकाचा, आणि तो लॅपटॉप ज्याचा त्याच्याच हाताला माऊस चिकटलेला. बाहेरून आलेले परीक्षक लॉगिन बघतात, एक एंट्री करून बघतात, मग चष्म्यावरून दुसऱ्या पोराकडं बघून विचारतात तुम्ही काय केलं. "सर, मी टेस्टिंग." तिसरा, "सर मी डेटाबेस", पण लॅपटॉपवाल्याकडं बघत. आणि चौथी मुलगी असली तर, जवळजवळ ठरलेलं, "सर, डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी." सोनेरी अक्षरातला हार्ड बाउंड रिपोर्ट तिनं केलेला, प्रिंटिंगला महाद्वार रोडला तीच जाऊन आलेली, पहिल्या सेमिस्टरपासून तिचे मार्क लॅपटॉपवाल्यापेक्षा बरे, आणि तिला कोडमधलं एक फंक्शन विचारलं तर गप्प. परीक्षक चांगले असतील तर सोडून देतात. चौघांना सारखे मार्क पडतात आणि सगळे खाली वडापाव खायला जातात. यात कुणी आळशी आहे असं मला वाटत नाही, त्या मुलीला कुणी कीबोर्ड दिलाच नाही आणि ज्यानं दिला नाही त्याला वाटतंय की मी सगळ्यांसाठी राबलो, म्हणजे दोघंही आपापल्या जागी चिडलेलेच असतात.

कीबोर्डवरून आठवलं. लॉरी विल्यम्स यांनी १९९९ ला अमेरिकेत युटा विद्यापीठात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, काही जण एकटे कोड लिहिणार आणि काही जण जोडीनं एका मशीनवर. जोडीला म्हणजे दोन माणसं दुप्पट वेळ असं सगळ्यांना वाटत होतं, पण दोघांचे तास मिळून साधारण १५ टक्केच जास्त लागले आणि त्यांच्या प्रोग्रामनी टेस्ट जास्त पास केल्या. पुढं कॅलिफोर्नियात सांताक्रूझला चार्ली मॅकडॉवेल, लिंडा वर्नर वगैरेंनी सुरुवातीच्या कोर्समधे जोड्या लावून बघितल्या तर जोडीनं शिकलेली पोरं पुढं कॉम्प्युटरच्या शाखेत टिकण्याचं प्रमाण वाढलं, मुलींचंसुद्धा. मी हे स्टाफरूममधे सांगितलं तर एक सर हसले, "आमच्या लॅबमधे पहिल्यापासून पेअर प्रोग्रामिंगच आहे, पीसीच तेवढे चालू आहेत." खरं होतं ते. फक्त आमच्या जोडीत एक टाइप करतो आणि दुसरा इन्स्टा बघतो. विल्यम्स यांच्या जोडीत काम वाटलेलं असतं, एक लिहिणार, दुसरा पुढचं बघणार आणि अडवणार, आणि ठरावीक वेळानं खुर्च्या बदलायच्या. त्या खुर्च्या बदलण्यातच सगळं आहे. मी लॅबमधे फोनवर टायमर लावायला लागले तेव्हा पहिले काही शनिवार पोरांनी अक्षरशः कंटाळा दाखवला, "मॅडम आत्ताच फ्लो आला होता" वगैरे, फ्लो हा शब्द कुठून शिकतात कोण जाणे.

कोल्हापुरात या ठिकाणी कुस्ती आणि तालमीची उपमा यायची पद्धत आहे, स्नेहसंमेलनाच्या प्रत्येक भाषणात असते, मी ती देणार नाही. मला वडलांचं वर्कशॉप आठवतं, उद्यमनगरातलं, दोन लेथ आणि एक ड्रिल. नवा पोरगा आला की त्याला कुणी वही-पेन देऊन लेथची थिअरी शिकवायचं नाही. तो मिस्त्रीच्या शेजारी उभा राहायचा, टूल द्यायचा, कॉलिपर धरायचा, मिस्त्री जॉब खराब झाला म्हणून शिव्या घालायचा तेव्हा नेमका कुठं खराब झाला ते बघायचा. दुसऱ्याचा हात बघत बघत त्याचा हात तयार व्हायचा. आमच्या शाखेत उलटं आहे, पहिल्या दिवसापासून कोऱ्या स्क्रीनसमोर एकटं बसवायचं आणि म्हणायचं लिही.

आणि कोऱ्या स्क्रीनसमोर काय होतं त्याचाही अभ्यास आहे. मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटानं २००१ ला वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना, म्हणजे ज्यांचा प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स झालाय अशांना, साध्या कॅल्क्युलेटरसारखे प्रोग्राम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी पडले २२.८९. शिकवणाऱ्यांना धक्काच बसला. मग २००४ ला रेमंड लिस्टर आणि इतरांनी विचारलं की लिहिता येत नाही ते ठीक, पण पोरांना दुसऱ्यानं लिहिलेला चार ओळींचा कोड वाचून उत्तर काय येईल ते तरी सांगता येतं का. तर बऱ्याच जणांना तेही नीट येत नव्हतं. म्हणजे घोडं लिहिण्याच्या आधीच, वाचण्यापाशी अडलेलं. हा पेपर वाचला त्या रात्री मला आमचा सिलॅबस डोळ्यासमोर आला, "प्रोग्राम लिहा", "प्रोग्राम लिहा", "प्रोग्राम लिहा", पानंच्या पानं. "हा प्रोग्राम वाचा आणि यात काय चुकलंय सांगा" असा प्रॅक्टिकल मला तरी दिसला नाही.

शेजाऱ्याकडून शिकणं वर्गातही जमवता येतं. एरिक मझूर या हार्वर्डच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी ९० च्या दशकात सुरू केलेली पद्धत आहे, प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी पर्याय निवडायचा, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग परत निवडायचा. लिओ पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सॅन डिएगोला कॉम्प्युटरच्या चार कोर्सेसमधे वापरली आणि २०१३ ला छापलं की नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ वर आलं. मी हे करते, बोटं वर करायला लावून, ॲप वगैरे काही नाही. वर्गात दंगा होतो. शेजारच्या वर्गाच्या मॅडम एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पण मला मुख्य सांगायचंय ते रिव्ह्यूचं, म्हणजे एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासण्याचं.

मायकेल फेगन यांनी आयबीएममधे १९७६ ला कोड तपासायची पद्धत लिहिली, बैठक बोलवायची, प्रत्येकाला भूमिका, एक जण कोड मोठ्यानं वाचणार, चुका नोंदवायच्या. कोर्टासारखं. आता तसं फारसं कुणी करत नाही, आता आपण गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवर पुल रिक्वेस्ट टाकतो, म्हणजे माझा हा बदल घ्या अशी विनंती, आणि कुणीतरी बघून कमेंट टाकतो. अल्बर्टो बाकेल्ली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधे जाऊन बघितलं की लोक रिव्ह्यू कशासाठी करतात आणि त्यातून प्रत्यक्ष काय निघतं, २०१३ चा पेपर. डेव्हलपर आणि मॅनेजर दोघांनीही सांगितलं की बग सापडावेत म्हणून. मग शेकडो कमेंट वाचून वर्गवारी केली तर बगबद्दलच्या कमेंट अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी, आणि त्याही बऱ्याचशा छोट्या. जास्त काय होतं, तर कोड सुधारायच्या सूचना, "हे असंही करता येईल", एकमेकांना माहिती होणं, टीममधे काय चाललंय याची खबर लागणं. म्हणजे लोक चुका पकडायला म्हणून बसतात आणि उठताना शिकून उठतात.

म्हणून मी यंदा एक नियम केला की प्रत्येक ग्रुपनं दुसऱ्या ग्रुपचा कोड वाचायचा आणि लेखी कमेंट द्यायच्या. पहिल्या फेरीत आलेल्या कमेंट अशा, "छान", "गुड वर्क", "इंडेंटेशन करा", आणि एकात तर नुसता अंगठा. दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन फ्रिज उघडल्यासारखं वाटतं म्हणे. मी सांगितलं की कौतुक चालणार नाही, प्रत्येकानं किमान एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही.

त्यात एका ग्रुपचा प्रोजेक्ट होता गावातल्या दूध संस्थेचा. कोल्हापुरात हा प्रोजेक्ट दर वर्षी एकातरी ग्रुपचा असतोच, सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, मशीन फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) देणार, त्यावरून दर, आणि दहा दिवसांचं बिल. ग्रुपमधली चारही पोरं शहरातली. कोड नीट लिहिलेला होता, खरंच. म्हशीच्या दुधाला ६.० फॅटचा बेस दर आणि वर प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ फॅटला, ठरावीक पैसे वाढ, म्हणजे त्यांनी केलं होतं असं की आलेल्या फॅटमधून ६.० वजा करायचे, ०.१ ने भागायचं, आणि जे येईल त्याचा पूर्णांक घ्यायचा, तेवढे पॉइंट. टेस्टही लिहिल्या होत्या, ६.५ ला आणि ७.० ला, दोन्ही हिरव्या, म्हणजे पास.

त्यांचा कोड वाचायला आला होता दुसऱ्या ग्रुपकडं, आणि त्यात एक मुलगी होती राधानगरीच्या बाजूची, घरात म्हशी, डॉक्युमेंटेशनवाली. तिची कमेंट जशी होती तशी सांगते, "आमच्या म्हशीला नेहमी ६.१ नाहीतर ६.३ लागते. ते घालून बघितलो तर ६.१ ला ६.० चाच दर येतोय आणि ६.३ ला ६.२ चा. ६.२ ला बरोबर येतोय. हे मुद्दाम केलंय काय?"

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. कारण दूध घालणाऱ्याच्या घरात हा संशय पिढ्यान्‌पिढ्या आहे, मशीनवर, मापावर, लिहिणाऱ्यावर.

मुद्दाम अर्थात नव्हतं. कॉम्प्युटरला ६.१ हा आकडा नेमका साठवता येत नाही, बायनरीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, तो ६.०९९९९ असं करत करत किंचित कमी बसतो. त्यातून ६ वजा केले की उरतात ०.०९९९९ आणि पुढं बरेच, भागिले ०.१ म्हणजे ०.९९९९, आणि पूर्णांक घ्या म्हटलं की तो पुढचं सगळं कापून शून्य देतो. ६.३ लाही तसंच, तीनच्या जागी दोन. ६.२ आणि ६.४ मात्र किंचित जास्त बसतात म्हणून ते बरोबर येतात, आणि ६.५ बायनरीत नेमका बसतो म्हणून त्यांची टेस्ट हिरवी. म्हणजे आकड्याच्या नशिबावर शेतकऱ्याचा पॉइंट. उपाय सोपा आहे, दशांश ठेवायचेच नाहीत, फॅट ६१, ६२, ६३ असा पूर्णांकात ठेवायचा आणि पैसेही पैशातच ठेवायचे. हे फ्लोटिंग पॉइंटचं प्रकरण त्या पोरांनी दुसऱ्या वर्षाला शिकलेलं होतं, पेपरलाही लिहिलेलं होतं.

मग जे झालं ते असं की ती दोन्ही ग्रुपची पोरं एका टेबलाभोवती जमली, मी बाजूला. लॅपटॉपवाला आधी मानायला तयार नव्हता, "एका पॉइंटनं काय फरक पडतोय". ती म्हणाली, "रोज दोन वेळा, वर्षभर, आणि गावातली सगळी घरं. तू हिशोब कर की." त्यानं केला. गप्प झाला. मग तिनंच त्याला सांगितलं की मशीन कधी कधी बंद पडतं तेव्हा आदल्या वेळचं फॅट धरतात, ते तुमच्यात कुठं आहे, वासरू लहान असताना फॅट कमी येते, गाईचा बेस वेगळा, आणि बिलातून पशुखाद्याचे पैसे कापतात ते कुठं आहेत. पुढचा अर्धा तास कीबोर्ड तिच्याकडं होता, कुणी टायमर लावला नव्हता.

हे सगळं बघताना मला पीटर नाऊर आठवत होते, डेन्मार्कचे. १९८५ ला त्यांनी मांडलं की प्रोग्राम म्हणजे कोडच्या ओळी आणि डॉक्युमेंट नव्हे, प्रोग्राम म्हणजे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज, आणि ती समज कागदावर पूर्ण उतरत नाही. त्यांनी एका कंपायलरचं, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामचं, उदाहरण दिलंय, एका गटानं केलेला, दुसऱ्या गटाला सगळी कागदपत्रं, कोड, वर सल्लासुद्धा मिळाला, तरी दुसऱ्या गटानं सुचवलेले बदल मूळ रचनेची वाट लावणारे असायचे आणि पहिल्या गटाच्या लोकांना ते बघताक्षणी कळायचं. पहिला गट लांब गेला आणि कंपायलर हळूहळू बिघडत गेला.

कोल्हापुरात याचे जिवंत नमुने शोधायला लांब जायला नको. छोटी कंपनी, चारपाच पोरं, त्यातला एक सगळं जाणणारा, आणि तो एक दिवस हिंजवडीला निघून जातो. मागं उरतं चालू सॉफ्टवेअर ज्याला हात लावायला सगळे घाबरतात. मला असा एक मालक माहितीय जो त्या गेलेल्या पोराला अजून दर महिन्याला पैसे पाठवतो, फक्त फोन उचलावा म्हणून. आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही, ब्राझीलच्या संशोधकांनी २०१६ ला गिटहबवरचे १३३ लोकप्रिय प्रोजेक्ट तपासले, किती माणसं निघून गेली तर प्रोजेक्ट अडचणीत येईल असं, तर ६५ टक्के प्रोजेक्टला उत्तर होतं दोन किंवा एक. तो भारी पोरगा, दहा जणांचं काम करणारा, त्याची ही दुसरी बाजू आहे आणि मालक लोक ती पगार वाढवून मागितल्यावरच बघतात.

लांबून काम करण्याबद्दलही थोडं, कारण माझं पोटच त्यावर आहे. जेम्स हर्बस्लेब आणि ऑड्रिस मॉकस यांनी २००३ ला दाखवलं की एकाच ठिकाणी बसलेल्या लोकांचं काम आणि वेगवेगळ्या ठिकाणी वाटलेलं तसलंच काम यात दुसऱ्याला साधारण अडीचपट वेळ लागतो, मुख्य कारण हे की वाटलेल्या कामात जास्त माणसं गुंतवावी लागतात. तेव्हा आत्तासारखे व्हिडिओ कॉल नव्हते, आत्तासारखं चॅट नव्हतं, त्यामुळं आकडा आज तसाच असेल असं मी धरत नाही. पण माणसं जास्त गुंततात हे अगदी आजचं वाटतं. पुण्यात कुणीतरी खुर्ची वळवून विचारतं ते मी इथून तीन जणांना टॅग करून विचारते.

आणि एआय. हे न लिहिता सुटका नाही, आता प्रत्येक ग्रुपचा पाचवा मेंबर तोच आहे. २०२५ ला मीटर (METR) नावाच्या संस्थेनं १६ अनुभवी ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर काम करणारे, डेव्हलपर घेतले, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं, काही एआय घेऊन आणि काही न घेता. एआय घेतल्यावर त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि त्यांना विचारलं तर म्हणाले आम्ही २० टक्के फास्ट झालो. यावरून एआय वाईट असं कुणी म्हणू नये, सोळाच माणसं आहेत, टूल रोज बदलतायत, आणि सुरुवातीला मीच बारा प्रोग्रामरवरून बोलणाऱ्यांना नावं ठेवलीत. मला त्यात दचकवतं ते स्वतःबद्दलचा अंदाज उलट्या दिशेला चुकणं. आमच्या पोरांचं तर वेगळंच, त्यांचा कोड आता सुंदर असतो, कमेंटसकट, आणि व्हायवाला चौघंही डॉक्युमेंटेशनवाल्या मुलीसारखे गप्प. एका अर्थानं समानता आली म्हणायची.

त्यामुळं वाचायला शिकवणं हे आता जास्तच निकडीचं झालंय असं माझं मत आहे. कोड कुणीही लिहो, माणूस, मशीन, हिंजवडीला गेलेला पोरगा, तो वाचून "हे मुद्दाम केलंय काय" विचारणारं कुणीतरी टेबलावर पाहिजे.

सध्या भांडण मार्कांवर आलंय. टर्मवर्कमधले काही मार्क दुसऱ्याच्या कोडवरच्या प्रश्नांना द्यावेत असं मी विभागप्रमुख सरांना म्हटलं. सर चांगले आहेत, ऐकून घेतात, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे, युनिव्हर्सिटीच्या फॉरमॅटमधे तसला कॉलम नाही आणि कुणी तपासायला आलं तर दाखवायचं काय, कमेंट? पोरांनी तर त्याच्या पुढचं गाठलं. मार्क मिळणार म्हटल्यावर दोन ग्रुपनी आपसात ठरवून प्रश्न वाटून घेतले, तुम्ही आम्हाला हे विचारा, आम्ही तुम्हाला ते विचारतो. म्हणजे सहकार्य शिकले, फक्त मला हवं होतं ते नाही. आणि दूध संस्थेच्या ग्रुपचं म्हणणं असं की तिनं काढलेल्या चुकीचे मार्क आम्हालाही पाहिजेत, कारण चूक आमची होती म्हणून तिला सापडली. यावर काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही, शनिवारपर्यंत सुचवा कुणीतरी.